बाद झालेली घरटी

४ मे, रविवार. गच्चीवर कुरडया घालत होते, तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरचे काका धापा टाकत आले. बँकेतून निवृत्त झाल्यापासून कॅमेरा त्यांच्या गळ्यातून उतरलेला नाही. गेल्या आठवड्यात इथेच पालथे पडून, फोटो धूसर यावा म्हणून भिंगापुढच्या काचेला माझंच खोबरेल फासून त्यांनी फोटोग्राफी क्लबच्या स्पर्धेसाठी कुरडयांचा फोटो काढला होता.

"ताई, बाद झालो, बाद झालो!" ते चक्क नाचत होते. "क्लबच्या परीक्षकांना पक्ष्यांची घरटी वाटली! इतक्या जवळून घरट्याचा फोटो काढणं नियमात बसत नाही म्हणे!"

"मग सांगा ना, कुरडया आहेत म्हणून."

"सांगितलं, सांगितलं. विश्वासच बसेना. उद्या निकाल. पण ताई, घरटी वाटली!"

आजवर या माणसाला उत्तेजनार्थसुद्धा मिळालेलं नाही, आणि बाद झाल्यावर एवढा आनंद! मला काही हे पटेना.

५ मे, सोमवार. सकाळी मी फोटोतल्याच कुरडया तळल्या, काकांना रिक्षात घातलं आणि करंजाड्याहून थेट पनवेलला क्लबात जाऊन परीक्षकांपुढे डबा उघडला.

"थांबा थांबा, चावताना फोटो घेतो," काका म्हणाले.

परीक्षकांनी तीन घरटी खाल्ली आणि फोटो पुन्हा स्पर्धेत घेतला.