पाण्याविना वाल

दसरा उलटला की दादूस सोसायटीच्या मागे चपला काढून उभे राहायचे. टाच मातीत रोवायची, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचा, "तापलेली हाय. आजून पेरनी नाय."

पनवेलच्या एखाद्या नव्या इमारतीत राहत असाल, तर असा एक म्हातारा तुमच्याकडेही असेल. जमीन त्याची, टॉवर बिल्डरचा, मेन्टेनन्स आपला. आमच्या दादूसना भाताच्या खाचराच्या बदल्यात तिसऱ्या मजल्यावर घर मिळालं होतं. लिफ्टमध्ये शिरताना ते कुणीतरी ढकलल्यासारखा चेहरा करायचे.

खाचरातली उघडी उरलेली माती म्हणजे कंपाउंडच्या भिंतीलगतची पट्टी. तिथे सोसायटीनं लॉन लावलं होतं. दादूस दर कार्तिकात ते उपटून वाल पेरायचे. सभेत ठराव झाला, "गवतावर चालू नये" अशी पाटी लागली. पाटीला त्यांनी आपला जुना सदरा घातला आणि तिचं बुजगावणं केलं. वर ऐकवलं, "जमीन दिली रं तुमाला, हिवाला नाय दिला!"

त्यांच्या वालाला वरून पाणी चालत नसे. पावसाची मुरलेली ओल आणि दव, बस्स. माळी चुकून पाईप घेऊन तिकडे वळला की तिसऱ्या मजल्यावरून त्याच्या खानदानाचा असा उद्धार व्हायचा, की खालच्या बायका मुलांचे कान झाकायच्या आणि स्वतः नीट ऐकायच्या.

"पानी पाजशील तर पाला खाशील, शेंगा नाय!"

आमचे चेअरमन दुष्काळी भागातले. पाणी असून रोपाला न देणं त्यांना पाप वाटायचं. एकदा त्यांनी गुपचूप बादली ओतली. दादूसनी त्यांच्याशी जो अबोला धरला तो थेट शेंगांच्या पोपटीला सोडला. पाल्यानं तोंड बंद केलेल्या मडक्यात शेंगा भाजून झाल्यावर पहिला ढीग चेअरमनच्याच पुढ्यात ठेवला. "खा. तुमच्या बादलीतलं यात एक बी नाय."

पोपटी याच मातीतल्या वालाची हवी, एवढा एकच हट्ट त्यांना उरला होता. शेंगा बाजारातही मिळतात, असं मी एकदा म्हणालो. मला वाटलं, आता माझं खानदान. पण ते हळूच म्हणाले, "बाजारातून आणल्या तर मी हितला भाडेकरूच झालो ना." मला फार वाईट वाटलं.

गेल्या भाद्रपदात दादूस गेले. पट्टीवर पेव्हर ब्लॉक घालायचा विषय निघाला, तेव्हा सगळ्यांत मोठ्यानं चेअरमनच भडकले. कार्तिकात त्यांनी स्वतः वाल पेरला आणि रोज सकाळी पाईप लावून पाणी घालू लागले. नियम त्यांना माहीत होता. आम्हालाही होता. पण आम्ही पाईप ओलांडून कामाला जात राहिलो.

वाल गुडघ्याच्या वर गेला, हिरवागार. शेंग एक धरली नाही. चेअरमन मात्र अजून पाणी सोडतात आणि तिसऱ्या मजल्याकडे बघत उभे राहतात. कुणी वरून एक सणसणीत शिवी घातली, तर लगेच नळ बंद करतील.