मानसरळची मान

सत्तावीस वर्षं त्याने दुकानात एकच वाक्य विकलं. फोटो वरून फुकट. "मान सरळ, हनुवटी जरा खाली, हसू नका." त्यातले पहिले दोन शब्द उचलून गल्लीतल्या शाळकरी पोरांनी त्याचं नाव मानसरळ ठेवलं. पुढे त्या पोरांची लग्नं झाली, त्यांची पोरं फोटो काढायला येऊ लागली, पण नाव काही सुटलं नाही. त्यालाही ते आवडायचं. फुकट मिळालेल्या मानात तो मान की ती मान, हे बघत बसू नये, असं त्याचं म्हणणं होतं.

तो स्वतःला कलावंत समजायचा. कला किती मोठी, तर साडेतीन सेंटिमीटर रुंद आणि साडेचार उंच. मागे पांढरी भिंत, दोन्ही कान दिसलेच पाहिजेत. त्याची चित्रं गावभरच्या पाकिटांत आणि कचेऱ्यांतल्या फायलींत टाचणी खाऊन पडलेली होती. "माझ्याइतकी प्रदर्शनं कोणाची लागली नसतील," असं तो सांगायचा आणि आपणच आधी हसून घ्यायचा.

तर अशा या माणसाचे फोटो एका आठवड्यात चार वेळा परत आले. पासपोर्ट कचेरीने प्रत्येकावर एकच शेरा मारला होता: डोकं तिरकं. पहिल्यांदा त्याने कचेरीला शिव्या दिल्या, दुसऱ्यांदा गिऱ्हाइकांना. लोक दिवसभर मोबाईलमध्ये तोंड खुपसतात, मग माना वाकड्या होणार नाहीत तर काय! त्याने भिंतीवर मोजून उभी खूण केली, स्टुलाखाली पट्टी धरून जमीन तपासली. पाचवा फोटो परत घेऊन आले ते शाळेतले निवृत्त कवायत-मास्तर. या गृहस्थांची मान उभ्या आयुष्यात कोणापुढे वाकली नव्हती.

"मास्तर, तुम्हीसुद्धा?" मानसरळ म्हणाला.

"अहो, मी काय करू? तुम्ही समोर उभं राहून 'मान सरळ' म्हणालात आणि स्वतःची अशी डाव्या खांद्यावर टाकलीत. मला वाटलं, नवीन नियम आला असेल. तुमचं बघून मीही टाकली."

नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण त्याने आजवर दुसऱ्यांसाठी वापरली होती. मास्तर गेल्यावर तो गिऱ्हाइकांच्या भांग पाडायच्या आरशासमोर उभा राहिला. मान खरंच डावीकडे कललेली होती. त्याने ती जोर लावून सरळ केली, तर आरशात दोन मानसरळ दिसू लागले. एक जरा वर, दुसरा जरा खाली आणि तिरपा. एकाचाच कंटाळा आलेला असताना देवाने दुसरा कशाला दिला, हे त्याला कळेना.

दुकानाच्या वरच घर होतं. गेले पंधरा-वीस दिवस जिना उतरताना त्याला पायऱ्या जास्त दिसत होत्या, पण त्याने तो दोष चष्म्याच्या माथी मारला होता. वर जाऊन त्याने बायकोला विचारलं, "माझी मान वाकडी झाली आहे, हे तुला दिसलं नाही?"

"दिसलं की," ती म्हणाली. "मला वाटलं, तुम्ही जन्मात पहिल्यांदाच माझं बोलणं कान देऊन ऐकताय. म्हणून म्हटलं, बोलून मोडायला नको."

पण दुसऱ्याच दिवशी त्याला डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे धरून नेलं तेही तिनेच.

डॉक्टरीणबाईंनी त्याला पेन्सिलीमागे डोळे फिरवायला लावले. एकेक डोळा झाकला की समोरच्या आरशातला दुसरा मानसरळ नाहीसा व्हायचा, दोन्ही उघडले की परत हजर. मान उजव्या खांद्याकडे कलवली की दोघांतलं अंतर वाढायचं, डावीकडे टाकली की दोघं एकमेकांत मिसळून जायचे. "मान बिचारी तुमची सोय बघते आहे," त्या म्हणाल्या. "डोळा फिरवायला तीन नसा असतात. एक गेली तर पापणी पडते, डोळा बाहेर आणि खाली जातो. दुसरी गेली तर डोळा बाहेरच्या बाजूला वळत नाही, वस्तू शेजारी-शेजारी दोन दिसतात. तुमची तिसरीच आहे, उजव्या डोळ्याची. आम्ही तिला चौथी नस म्हणतो. ती बिघडली की एकावर एक दिसतं, खाली बघताना जास्तच."

"तीन नसांतली तिसरी, आणि नाव चौथी," तो म्हणाला. "माझ्याच वाट्याला यायची."

बाई हसल्या, पण लगेच थांबल्या. "ती का बिघडली, हे महत्त्वाचं. साखर, रक्तदाब तुमचे ठीक आहेत. कधी कधी जन्मापासूनच अधू असते, वय झालं की उघडी पडते. कधी डोक्याला मार लागून दुखावते. आणि क्वचित आत काही वाढत असेल तर त्याचा दाब येतो. डोक्याला मार लागला होता?"

बायको शेजारीच बसली होती.

"छे," मानसरळ म्हणाला.

"मग पुढच्या गुरुवारी मेंदूचा स्कॅन करू. आणि जुने फोटो असतील तर आणा. मान आधीपासून कलती होती का, ते कळेल."

फोटो! सत्तावीस वर्षांच्या फोटोवाल्याकडे स्वतःचे फोटो म्हणजे रोज सकाळी दिव्यांचा अंदाज घ्यायला काढलेले. तो गिऱ्हाइकाच्या फिरत्या स्टुलावर बसायचा, कॅमेरा दहा सेकंदांनी आपोआप खटकन वाजायचा. मग तो भिंतीवर सावली पडली आहे का तेवढं बघायचा आणि फोटो तसाच कॉम्प्युटरमध्ये टाकून द्यायचा. त्यातलं स्वतःचं तोंड त्याने कधी पाहिलं नव्हतं. पाहण्यासारखं नाही, हे त्याला व्यवसायाने माहीत होतं.

तो आठवडा वाईट गेला. बायको चेष्टा करेनाशी झाली. ती मोबाईलवर काहीतरी वाचायची आणि तो आला की पालथा ठेवायची. एका सकाळी ती दुकानात उतरली आणि सहज म्हणावं तसं म्हणाली, "मला तो कॅमेरा शिकवून ठेवा." ठेवा म्हणाली ती. खरं सांगायला तोंड उघडलं, आणि त्याने तिला शिकवलं काय, तर उजेड कुठून घ्यायचा ते. त्याला स्वतःची लाज वाटत होती. पण लाजेनेच तोंड बंद केलेलं असेल तर तिच्या जोरावर ते उघडणार कसं?

गुरुवारी स्कॅनच्या आधी डॉक्टरीणबाईंनी ते फोटो आपल्या कॉम्प्युटरवर लावले. भराभर सरकवू लागल्या. मान सरळ, मान सरळ, मान सरळ. वर्षभर एकच कंटाळलेलं तोंड. मग गेल्या महिन्यापाशी त्यांचा हात थांबला.

"सोमवारी सरळ आहे. मंगळवार, बुधवार फोटोच नाहीत. गुरुवारपासून तिरकी. त्या सोमवारी काय झालं होतं?"

"सोमवारी काही नाही," बायको म्हणाली. "मंगळवार-बुधवार यांचं पोट बिघडलं होतं. झोपूनच होते." बोलता बोलता तिचा आवाज बारीक झाला. "पोटच ना हो?"

सत्तावीस वर्षं गावाचे पुरावे काढून देणाऱ्या माणसाने रोज सकाळी, तारखेसकट, स्वतःविरुद्ध पुरावा गोळा केला होता.

"स्टूल," तो जमिनीकडे बघत म्हणाला. जमिनीवर चार पाय दिसत होते, चारही त्याचेच. "वरचा दिवा बदलायला चढलो होतो. फिरत्या स्टुलावर. ते फिरलं. मी दीड फेरी मारली आणि मागे पडलो, डोकं आपटलं. घटकाभर काही सुचलं नाही. टेंगूळ दोन दिवसांत बसलं. आता स्टुलावरून पडण्याला कोणी मार म्हणतं का? आणि ही वर्षभर ओरडत होती, त्याच्यावर चढू नका, ते फिरतं. मी म्हणायचो, माझा तोल तू मला शिकवू नकोस."

मग बाई म्हणाल्या, "ही नस सगळ्यांत बारीक, आणि डोक्यात लांबचा वळसा घेऊन येते. असल्या आपटण्याने दुखावते. स्कॅन तरी करायचाच, पण माझी काळजी आता निम्मी झाली. बहुतेकांची काही महिन्यांत आपोआप सुधारते. तोवर चष्म्याच्या काचेला नजर वळवणारी एक पारदर्शक पट्टी चिकटवून देऊ, समोरचं एक दिसेल."

दुपारी स्कॅनचा निकाल आला. आत काही वाढत नव्हतं. "म्हणजे होतं तेवढंच," असं तो म्हणाला. बायको हसली नाही.

चष्म्याची पट्टी दोन दिवसांनी मिळणार होती, म्हणून दवाखान्याचा जिना उतरताना तिने त्याचा दंड धरला. ती रागाने धुमसत होती, तरी पायऱ्या मोजून सांगत होती. "एक. दोन. तीन." चौदाव्या पायरीला ती म्हणाली, "संपल्या." त्याला अजून एक दिसत होती. त्याने तिच्या शब्दावर पाय टाकला, तर खरंच जमीन होती.

तिथेच तिने दंड सोडला आणि समोर येऊन उभी राहिली.

"आठ दिवस मी तुम्ही मेल्यावर काय करायचं, याचा विचार करत होते," ती म्हणाली. "एका स्टुलापायी. अजून काही लपवलंय?"

"नाही गं."

"असं नाही. मान सरळ करून सांगा."

त्याने मान सरळ केली. समोर एका बायकोच्या दोन झाल्या, एक जरा वर, एक जरा खाली आणि तिरपी. दोघींच्याही डोळ्यांत पाणी होतं.