देवमाशाची ओटी

त्या तंबूवाल्याची आठवण झाली की अजून माह्या अंगाचा तिळपापड होते.

बोटाले मतदानाची शाई पहिल्यांदा लागली, त्याच्या पुढच्या सालची गोष्ट. शिरपूरच्या जत्रेत मी अन् माही सासू वांगे विकाले बसलो होतो. सासू गावची सुईण. समोरच्या तंबूवर पाटी होती, ‘समुद्राचा देवमासा’. जऊळक्याच्या टेसनावरून बैलगाडीत आणला म्हणे. आमच्या मुलखात समुद्र कोनं पाह्यला? सारं गाव तिकीट काढून आत.

मिठात ठेवलेलं ते जनावर माणसाहून लांब होतं, तोंड हसल्यासारखं. आता भाच्याची पोरगी सांगते, त्याले डॉल्फिन म्हणतात, मारायले बंदी हाय, लोक नावेत बसून जिवंत पाहाले जातात. तवा तो तंबूवाला काठीनं तोंड उघडून दात दाखवून राह्यला होता. सासू वाकली. पोटाखालच्या दोन चिरांवरून तिनं हात फिरवला. आत आचळं होती, फुगलेली.

“काहून रे, हा मासा हाय काय? हे तं बाळंतीन हाय. इचं लेकरू कुठं हाय?”

“बेटापाशी जाळ्यात आली,” तो म्हणाला. “पिल्लू मागंमागं येत होतं. ते काय कामाचं?”

लाज नाही, शरम नाही. सासूनं जत्रेत घेतलेला नवा खण तिच्या अंगावर घातला, वर तांदूळ अन् नारळ. म्हणाली, “बाळंतीन मेली तं ओटी भरून माती देतात. उद्या इले गाडून टाक.” त्यानं ‘हो’ म्हणून मान हालवली.

दुसऱ्या दिवशी पाटी बदलली: ‘देवमाशाची ओटी भरा, कूस उजवते’. मेल्यानं तिच्या मरणाचाही धंदा मांडला. बायांची ही मोठी रांग. सासू एकेकीले हात जोडून सांगे, “बाई, जाऊ नको. तुमी गेल्या नाई तं तो तिले मातीत घालन.” कोनी ऐकलं नाही. तंबूवाल्याहून मले त्या रांगेचाच राग जास्त येते.

त्या रांगेत मीही होती. लग्नाले तीन वर्सं झाली होती, कूस रिकामी. पदराखाली खण लपवला होता.

सासूनं मले पाह्यलं. ओरडली नाही. इतकंच म्हणाली, “तुले लेकरू पाह्यजे. अन् तिचं?”

मी तरी आत गेली. जत्रा उठल्यावर त्यानं तिले गाडलं नाही, गाडीत घालून पुढच्या जत्रेले, रिठदकडं नेलं. सगळ्यात वरचा खण माहा होता.