राज्य कोणावर होतं?

ती घटना आठवली की आज मला हसू येतं. त्या दुपारी मात्र हसण्यासारखं काहीच नव्हतं. जळगावात मेहरूण भागातल्या एका इमारतीतून सात वर्षांची मुलगी बेपत्ता झाल्याची खबर आली, तेव्हा पोलीस ठाण्याचा प्रभार माझ्याकडे होता. तलाव जवळच. मुलीची आई आमच्याशी बोलत होती, पण डोळे सारखे त्या दिशेला.

सगळी इमारत पालथी घालून आलेले मुलीचे आजोबा म्हणाले, "साहेब, बठ्ठी बिल्डिंग पाही लिधी. पोर कोठेच नही शे."

दोन शिपाई तलावाकडे पाठवले. जिन्याखाली पत्र्याचा एक मोठा कूलर हिवाळ्यापुरता चादरीने झाकून ठेवलेला होता. त्यावर कागद पसरून मी जबाब घ्यायला बसलो. मुलगी लपाछपी खेळत होती, म्हणून तिच्या सवंगड्यांपासून सुरुवात केली. अट्टल चोरांना मी बोलतं केलं, असं मी घरी नेहमी सांगतो. बायको तेवढ्यात चहा ठेवायला उठते.

"कुठे लपली ती?" मी दरडावलं.

"आम्हाला काय माहीत? आम्हीपण लपलेलो होतो ना काका!"

मुद्दा बिनतोड होता. मग मी भोंग्यावरून पुकारलं, "बाळा, बाहेर ये, कोणी रागावणार नाही!"

एक चिमुरडी फिसकन हसली. "असं म्हटल्यावर कोणी येतं का?"

मी तिच्याकडे दुर्लक्ष केलं. अनुभवी अधिकारी ना!

इतक्यात एका रिक्षावाल्याने खबर दिली. "साहेब, एवढीच पोरगी. रडत होती. एक बाई तिला ओढत साक्रीच्या एसटीत चढवत होती." मी वायरलेसवरून संदेश दिला आणि एरंडोलच्या पोलिसांनी स्टँडवर बस अडवली. व्हिडिओ कॉलवर एक रडवेला चेहरा दिसला. आईने पाहिलं आणि मान हलवली. "ही माझी नाही हो."

मी फोन बंद करणार, तोच पोरं ओरडली, "अरे, ही तर तीच! हिच्यावरच राज्य होतं!"

पाहुणी आलेली मुलगी. आकडे मोजून झाले तोच बसची वेळ झाली म्हणून तिच्या आईने तिला उचलून नेलं होतं. ती फोनवरून विचारत होती, "ती अजून लपलेलीच आहे? मग सांगा, मी हरले. राज्य सोडलं!"

मी फोनचा आवाज मोठा करून तो उंच धरला आणि ती ओरडली, "राज्य सोडलं गं! ये बाहेर!"

माझ्या कोपराखालचा कूलर हलला. मागची जाळी सरकली आणि केसांत कूलरचं वाळकं गवत घेऊन फिर्यादीचा विषय बाहेर आला आणि माझ्या कागदात डोकावला. "काका, तुम्ही सात लिहिलं. मी साडेसात वर्षांची आहे."

आईचा मारायला उगारलेला हात तिच्या पाठीवर गेला आणि तिथेच राहिला.

एवढी वर्षं मी पळालेल्यांचा शोध घेत आलो. शोधणाऱ्याचं काय झालं, हे विचारायचं कधी सुचलंच नव्हतं. त्यानंतर मूल हरवल्याची तक्रार आली की माझा पहिला प्रश्न ठरलेला असे: राज्य कोणावर होतं?

त्या दिवशी मात्र हाच प्रश्न पोरांनी मला केला. "आता राज्य कोणावर?" सगळी बोटं माझ्याकडे वळली. मी आईकडे पाहिलं. डोळे पुसता पुसता ती म्हणाली, "घ्या ना साहेब, पन्नासच तर मोजायचेत."

टोपी काढून भिंतीकडे तोंड केलं. पन्नास मोजून वळलो, तर अंगणात कोणीच नव्हतं. माझ्या जीपचा ड्रायव्हरसुद्धा नाही.