उजव्या बाजूचं हृदय

मंजिरीला डंपरनं उडवलं, हा फोन आला तेव्हा मी आम्हा दोघींच्या प्रयोगशाळेत बेडकांच्या अंड्यांचं पाणी बदलत होते. खराडीच्या चौकात, तिचा सिग्नल हिरवा असताना. शवविच्छेदन करून बाहेर आलेल्या तरुण डॉक्टरनं विचारलं, "यांचं हृदय उजवीकडे होतं, माहीत होतं का?" मी त्याच्यावर खेकसले. त्याच हृदयापायी तिच्या आईनं अर्धं आयुष्य मार खाल्ला होता.

कसबा पेठेतल्या त्यांच्या घरी मी पहिल्यांदा गेले, तेव्हा तिच्या आईच्या, म्हणजे काकूंच्या, भुवईवर टाके होते. मंजिरी चौथीत असताना खोकल्यासाठी एक्स-रे काढला, आणि हृदय, यकृत, सगळंच उलट बाजूला दिसलं. तिला त्रास काहीच नव्हता. पण काकूंनी बिचाऱ्या प्रामाणिकपणे सांगून टाकलं, की पोटुशी असताना ग्रहणात विळीवर भोपळा चिरला होता. झालं! तिच्या वडिलांना, अण्णांना, निमित्तच मिळालं. आमटी अळणी झाली तरी आधी भोपळा निघायचा, मग पट्टा. सोळाव्या वर्षी मंजिरीनं तो पट्टा हिसकावून त्यांच्याच तोंडावर ओढला. त्यानंतर ते हातानं मारू लागले, ती घरात नसताना. हे सांगताना ती हसत होती... मला नाही हसू आलं.

गर्भविज्ञानात ती आली ती संतापानं. सेरोटोनिन हे मेंदूत आपल्या मनःस्थितीशी निगडित असलेलं रसायन. पण बेडकाच्या गर्भात मज्जातंतू तयार व्हायच्या आधीच ते असतं, आणि त्याचं काम अडवलं तर काही बेडूकमाशांची हृदयं भलत्याच बाजूला जातात. डावं-उजवं ठरवण्यात त्याचा हात असावा, एवढंच म्हणता येतं. त्यावरही शास्त्रज्ञ भांडतात. मंजिरी तर कप फोडून भांडायची. "असावा म्हण. आहे म्हणायचं असेल तर बाहेर जाऊन म्हण," असं तिनं मलाच सुनावलं होतं.

एकदा तिनं घरी जेवताना हे समजावून सांगितलं. मीही पानावर होते. अण्णा लगेच म्हणाले, "म्हणजे आईच्या डोक्यातूनच आलं ना? मी वेगळं काय म्हणत होतो?" मंजिरीनं ताट भिंतीवर भिरकावलं. वरण ओघळत होतं आणि काकू हळूच विचारत होत्या, "मंजू, तेव्हा मी रोज रडायचे गं. त्यानं झालं का?"

माणसाच्या बाबतीत याचं खात्रीचं उत्तर आमच्याकडे नव्हतं. मला ते माहीत होतं आणि तिलाही.

"नाही," ती म्हणाली. "विळीनं नाही, रडण्यानं नाही. आई, तुझं काही चुकलेलं नाही."

हातात पुरावा नसताना इतकं ठाम बोललेलं मी तिला कधीच ऐकलं नव्हतं.

तेराव्याला अण्णा पाहुण्यांसमोर म्हणाले, "जन्मालाच उलटी आली, दुसरं काय होणार?" काकूंनी हातातला पितळी तांब्या त्यांच्या तोंडावर हाणला. ओठ फाटला, सदरा रक्तानं भरला. "माझं काही चुकलेलं नाही," काकू ओरडल्या. "माझ्या लेकीनं सांगितलंय मला!" कुणी जागचं हललं नाही. मला तर बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

मंजिरीच्या खोलीला आतून दोन जाड कड्या आहेत, कॉलेजात असताना तिनं स्वतः बसवलेल्या. आता तिथे काकू राहतात. परवा गेले तर अण्णा त्या दाराशी उभे राहून चहा मागत होते. आतून आवाज नाही. मी माझं नाव सांगितलं, तेव्हा एकेक कडी निघाली. काकूंनी मला आत घेतलं आणि दोन्ही कड्या पुन्हा लावल्या.