गाठ न सोडलेलं नाणं

कुवेतला निघायच्या दिवशी जीप दारात उभी होती आणि मुनीरा माझ्या दंडाला नाणं बांधत होती. आमच्यात प्रवासाला निघणाऱ्याच्या दंडावर घरचं माणूस हिरव्या कापडात नाणं बांधतं. सुखरूप पोचल्यावर ते सोडून गरिबाला द्यायचं. मुनीरा सहा वर्षांची. तिला गाठ येईना. माझी अम्मा म्हणाली, "घट्ट बांध गं, तुझी आई वाऱ्यासारखी चाललीय, नाणं तरी टिकू दे." सगळे हसले. मुनीराने दातांनी गाठ ओढली.

मुनीरा माझ्या बहिणीची. बहीण बाळंतपणात गेली, तिच्या नवऱ्याने दुसरं लग्न केलं आणि तान्ही पोर अम्माने माझ्या मांडीवर ठेवली. गावात कोणी काही विचारलं नाही, कोणी काही लिहून ठेवलं नाही. ती मला अम्मी म्हणायची, तेवढं पुरत होतं.

कुवेतला पुरलं नाही. हे तिथल्या मीना अब्दुल्ला भागातल्या एका यार्डात वेल्डर होते, पुढे फोरमन झाले, तेव्हा कंपनीने बायकोमुलांना आणायची परवानगी दिली. इकाम्याचे, म्हणजे तिथं राहायच्या परवान्याचे, कागद करणारा कंपनीचा मंदूब यांना म्हणाला, "बायको चालेल, पोटची मुलं चालतील. बहिणीची कशी चालेल?" यांनी मला समजावलं, "आधी आपण जाऊ, मग तिला बोलावू."

कुवेतमधल्या रिग्गईच्या या घरात आलो त्या संध्याकाळी मी नाणं सोडायला घेतलं. गाठीपाशी कापड तिच्या दातांनी चुरगळलेलं होतं. मग सोडलंच नाही. ती आली की सोडू म्हटलं. पुढे कापड विटलं, तेव्हा गाठ तशीच ठेवून ते दंडावरून सरकवलं आणि उशीच्या खोळीत ठेवलं.

गावी आमचं दार दिवसभर उघडं. कोळीण ओट्यावर टोपली उतरवून आधी साऱ्या पाड्याची खबर सांगायची, मग मासळी दाखवायची. इथं बकाल्यातला, म्हणजे किराणा दुकानातला, माणूस पिशवी दाराला अडकवून जातो. एसीच्या घरघरीत माझाच आवाज मला परका वाटतो. माझा मुलगा आयान इथंच जन्मला. मराठीत विचारलं तर इंग्रजीत उत्तर देतो. मुनीरा त्याला फोनवर चिडवते, "काय साहेब, गरीब बहिणीला सलाम करायची फी लागते का?"

आता ऑस्ट्रेलियातली एक कंपनी यांना बोलावते आहे. मोठ्या शहरात नाही, लांबच्या एका लहान गावात. मालक जामीन राहणार. काही वर्षं तिथंच राहून त्याच्याकडे काम केलं की कुटुंबासकट कायमचं राहता येईल. इथं नोकरी संपली की निघायचंच असतं, म्हणून हे खूश आहेत. मी हळूच म्हटलं, "मुनीराचं विचारा ना."

विचारलं. ती आमची मुलगी असल्याचा कोर्टाचा कागद हवा, असं कंपनीवाले म्हणाले. तो कधी केला नव्हता, आणि मुनीराला अठरा पुरी झाली, आता तो होतही नाही. चहा घेताना हे म्हणाले, "आधी आपण जाऊ, मग..." आणि कप खाली ठेवला.

मुनीराला मीच फोनवर सांगितलं. ती हसली. "तिकडे कांगारूला पण इकामा लागतो का गं?" मग ती शांतपणे म्हणाली, "आयानची शाळा होईल तिथं. नानीला मी बघते. तू जा, खाला."

खाला म्हणजे मावशी. इतक्या वर्षांत तिने मला पहिल्यांदा तशी हाक मारली. कागदावर जे नातं होतं तेच तिने तोंडात घेतलं, मला जाणं सोपं जावं म्हणून.

बॅगा काढल्या आहेत. जिथं पोचल्यावर नाणं सोडायचं ते घर, एवढंच मला कळतं. काल हे म्हणाले, "नवा प्रवास आहे, मी बांधू का नाणं?"

मी नको म्हटलं. जुन्या प्रवासातूनच मी अजून पोचलेली नाही.