सुनेची कावीळ

संक्रांतीनंतरचा दुसरा सोमवार. जळकोटच्या औषधवाल्याकडून तीनशे रुपयांची बाटली घेतली, तेव्हा लातूरच्या आमच्या घरात मी, माझे यजमान आणि सून असे तिघं होतो. औषध सुनेच्या काविळीवर होतं.

कावीळ मीच ठरवली होती. जवसाच्या चटणीवर जीव टाकणारी पोरगी आठवडाभर तिच्या वासानंच ओकायला पळत होती. दुपारी झोपायची, रात्री दोन-तीनदा उठायची. दिवस गेले असतील, हे आधी मनात आलं. पण अडीच आठवड्यांमागं ती चार दिवस बाजूला बसली होती, देवघर आणि स्वयंपाक मीच सांभाळला होता. म्हणजे ते नाही. उरली कावीळ, नाहीतर ढोंग. तिचं माहेर भोकरचं, आणि तिथं चुलतबहिणीचं लग्न तोंडावर आलेलं. माझा कल ढोंगाकडं होता; कडू औषध समोर धरलं की खरं बाहेर येईल, म्हणून बाटली आणली.

"डोळे दाखव," मी म्हणाले.

डोळे पांढरेशुभ्र. यजमान हसले, "तुला तर आरशातबी कावीळ दिसंल."

मंगळवारी सकाळी मी औषध वाटीत ओतलं. सुनेनं वाटी धरली, पण तोंडाला लावेना.

"आत्याबाई, मी बाजूला बसले ना, तवा नीट काही झालंच न्हाई. नुसते दोन डाग. दुसऱ्या दिवशी बंद."

"मग चार दिवस कशाला बसलीस?"

"डाग दिसला की बसायचं, तुम्हीच सांगितलं. बंद झालं म्हणले असते, तर चार दिवस व्हायच्या आत घरात शिवाशिव केली म्हणला असता."

खरंच म्हणाले असते मी. त्या औषधात काय असतं, ते औषधवाला कुणालाच सांगत नाही. मी वाटी तिच्या हातातून काढून घेतली आणि तिला दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाईंनी लघवी तपासली. गर्भ रुजताना काहींना पाळीच्या तारखेच्या सुमारास असा पुसट डाग दिसतो, म्हणाल्या. मळमळ बहुधा त्यानंतर दोनेक आठवड्यांनी सुरू होते. आधीच्या पाळीपासून मोजलं तर सहावा आठवडा सरत आला होता.

"घरी काही औषध दिलं का?"

"नाही," मी म्हणाले.

बाईंनी सुनेकडं पाहिलं.

"वाटी हातात होती," ती म्हणाली. "प्यायले न्हाई."

तपासणीसकट चारशे रुपये झाले. सुनेनं स्वतःची पर्स उघडली होती. ती मी मिटायला लावली आणि पैसे बाईंच्या हातात दिले.